उत्तरेकडे तोंड

जगदाळे सरांना पत्ता विचारू नये, असं आमच्या कॉलेजात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. मला कुणी सांगितलं नव्हतं. टायपिस्ट म्हणून रुजू झाले त्या सकाळी कॉरिडॉरमध्ये जो पहिला माणूस भेटला त्यालाच मी इतिहास विभाग कुठे म्हणून विचारलं. उंच, वाळलेले, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. ते थांबले, क्षणभर डोळे मिटले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "दक्षिणेला चाळीस पावलं. मग पूर्वेला वळा. जिन्याच्या नैर्ऋत्येला दार आहे, ते."

मी बावळटासारखी उभी. त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि ते ऐकल्याबरोबर कन्नड सोडून आमच्या मैसूरच्या मराठीवर आले.

"रंगाऱ्यांची काय गं तू? मग तुला दिशा कळायला पाहिजेत की. कापड वाळत घालताना ऊन कुठनं येतं बघत नाहीत तुमच्यात?"

डावं-उजवं हे शब्द त्यांनी टाकूनच दिले होते. "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं," म्हणत. "तू वळलीस की तुझं डावं वळलं. पूर्व कुणासाठी वळत नाही." फाईल हवी असली की कपाटाच्या वायव्य कोपऱ्यातली मागत, आणि चहाचा कप कानडी शिपायालासुद्धा "थोडा उत्तरेला सरकव" म्हणून सांगत. स्वातंत्र्यानंतरच्या त्या हिंदी-चिनी भाई-भाईच्या दिवसांत सरकारने काही हुशार मुलं चीनला शिकायला पाठवली होती, त्यांत ते पेकिंगला दोन वर्षं राहून आले होते. तिथल्या म्हाताऱ्या म्हणे अंथरुणात शेजारणीला "जरा पश्चिमेला सरक" म्हणतात. सरांना ते इतकं पटलं की ते आयुष्यभर तसंच बोलत राहिले. पोरं त्यांना 'चीना मेष्ट्रु' म्हणत. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. तेव्हा त्यात माया होती.

त्यांचे पूर्वज मैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, वडील राजवाड्यावर पहाऱ्याला. "आमच्या वडिलांनी मला एकच विद्या शिकवली," सर सांगत, "सिंहासनाकडे पाठ करायची नाही, मागे मागे चालत बाहेर यायचं. कोण कुणीकडे तोंड करून उभा आहे, यावरनं राज्य चालतं, हे मला सात वर्षांचा असल्यापासून ठाऊक. पेकिंगमध्ये तेच पुस्तकात लिहिलेलं सापडलं, एवढंच."

अग्रहारात, जुन्या ब्राह्मणवस्तीत, त्यांनी जे घर घेतलं ते दक्षिणमुखी होतं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, म्हणून ते घर कुणी घ्यायला धजत नव्हतं. सरांनी मुद्दाम घेतलं. त्यांच्या पत्नी ताराक्का सोज्वळ, देवभोळ्या. त्या उंबऱ्यावर रोज दोनदा रांगोळी घालायच्या, दाराला शांत करायला म्हणून. "अगं, चीनचा सम्राट दक्षिणेकडेच तोंड करून बसतो," सर त्यांना सांगत. ताराक्का म्हणायच्या, "तो सम्राट आहे. आपण लेक्चरर."

सर एका व्याख्यानाची तयारी करत होते, त्यासाठी त्यांना पाच रंगांची पाच कापडं हवी होती. बाजारातली त्यांना चालेनात. आमच्या घरात रंगारीकाम जाणणारे माझे वडील, अप्पा, तेवढे उरले होते. काकांनी आणि भावांनी केव्हाच दुसऱ्या नोकऱ्या धरल्या होत्या. सर एका रविवारी घरी आले. बरोबर वासुदेवमूर्ती. सरांचाच विद्यार्थी, सरांनीच खटपट करून त्याला विभागात चिकटवलं होतं. गोरा, हसरा, सरांची छत्री तोच धरून चालायचा.

तांबडं, पांढरं, काळं, पिवळं, ही चार सोपी होती. पाचव्यावर अडलं.

"सर, हे निळं पाहिजे का हिरवं, एक सांगा की," अप्पा म्हणाले.

"दोन्ही. त्यांच्यात दोन्हींना एकच शब्द. कोवळ्या पानाला तोच, आभाळाला तोच."

"असं कसं हो होतंय?"

"ते मला विचारू नका. पूर्वेचा रंग तो. वसंताचा."

अप्पा आठ दिवस त्याच्यामागे होते. निळीत बुडव, वाळव, हळदीच्या पाण्यातनं काढ, पुन्हा बुडव. शेवटी एक कापड झालं, सावलीत निळं दिसायचं आणि उन्हात धरलं की हिरवं. सरांनी ते हातांत घेतलं, आत-बाहेर चार वेळा गेले आणि पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले, "हाच. मी तिथे बघितला तो हाच." मूर्ती म्हणाला, "अद्भुत आहे सर," आणि अप्पांच्या अंगणातल्या दोरीला हात लागला होता तो रुमालाने पुसला. ते गेल्यावर अप्पा म्हणाले, "ह्या माणसाला रंग कळतो. माणूस कळत नाही."

त्या व्याख्यानाला मी दारात उभी होते. चार भिंतींना चार कापडं, मधल्या टेबलावर पिवळं. सर एकेका भिंतीपाशी जाऊन बोलत होते. पूर्वेला निळा-हिरवा नाग, त्यांचा तो पायांचा आणि मिशांचा. दक्षिणेला तांबडा पक्षी. पश्चिमेला पांढरा वाघ, पानगळीचा आणि मृत्यूचा. माणसांना सुळावर चढवायचं ते शरद ऋतूत. उत्तरेला काळं कासव आणि त्याला विळखा घातलेला साप. मध्ये पिवळी माती, आणि ती सम्राटाची. पेकिंगमध्ये एक वेदी आहे, तिच्यावर पाच दिशांची पाच रंगांची माती पसरलेली. एखाद्या सरदाराला मुलूख द्यायचा तर सम्राट त्या दिशेच्या मातीचं ढेकूळ काढून त्याच्या हातावर ठेवायचा. ते घेऊन त्याने आपल्या गावी जायचं आणि आपली वेदी बांधायची.

मग सरांनी एक खुर्ची उत्तरेच्या भिंतीला टेकवून ठेवली. "सम्राट इथे बसणार, दक्षिणेकडे तोंड करून. म्हणजे त्याच्यापुढे जो उभा राहील त्याचं तोंड कुठे?"

"उत्तरेला," पोरं म्हणाली.

"म्हणून त्यांच्या भाषेत 'उत्तरेकडे तोंड केलं' म्हणजे तो माणूस कुणाचा तरी ताबेदार झाला. होकायंत्रालाही ते दक्षिण दाखवणारी सुई म्हणतात. सुई तीच. आपण म्हणतो उत्तर दाखवते, ते म्हणतात दक्षिण. सुईला कुणी विचारलेलं नाही."

व्याख्यानानंतर त्यांनी पोरांना एक गंमत म्हणून काम दिलं आणि स्वतःही केलं. आपलं मैसूर चिनी पद्धतीने काढायचं. जुन्या चिनी नकाशात दक्षिण वर. म्हणजे चामुंडीची टेकडी कागदाच्या वरच्या बाजूला, उत्तरेची मेटगळ्ळी खाली, पश्चिमेची बोगादी उजव्या हाताला. राजवाडा मध्ये, पिवळा. वसंतात राजा पूजेला कुठल्या वेशीबाहेर जाईल, हिवाळ्यात कुठल्या, हे सगळं सरांनी चिनी अक्षरांत लिहिलं. नकाशा देखणा झाला होता. विभागाच्या भिंतीवर तो दीड वर्ष होता.

मग बासष्टचं युद्ध आलं. बायका जवानांसाठी स्वेटर विणायला लागल्या, पोरं मोर्चे काढायला लागली. 'चीना मेष्ट्रु' हे दोन शब्द तेच राहिले, पण म्हणायची पद्धत बदलली. सर भेटेल त्याला समजावत, की चूक त्यांचीच आहे, पण आपण त्यांचा नीट अभ्यास केला नाही ही चूक आपली. अशा दिवसांत असं वाक्य बोलू नये. ते बोलत राहिले.

त्या आठवड्यात वासुदेवमूर्ती माझ्या टेबलापाशी आला. हातात हस्तलिखित पान. "चार प्रती. कॉन्फिडेन्शियल," म्हणाला. पोलीस अधिकाऱ्यांना उद्देशून पत्र होतं. विभागातले एक प्राध्यापक पेकिंगशी पत्रव्यवहार ठेवून आहेत, त्यांनी शहराचा सांकेतिक लिपीतला नकाशा तयार केला आहे, एक नागरिक म्हणून कळवणं कर्तव्य वाटतं. खाली सही त्याची.

मी ते टाइप केलं. एकही चूक केली नाही. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे डाव्या कोपऱ्यात खाली टायपिस्टची म्हणून माझी आद्याक्षरंही टाकली. सर त्या वेळी वीस पावलांवर वर्गात शिकवत होते. आवाज ऐकू येत होता. उठून सांगता आलं असतं. आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली बाई. आणि मला वाटलं, चौकशी करतील, सोडून देतील. असं वाटून घेणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जीप आली. इन्स्पेक्टरने नकाशा भिंतीवरून काढून टेबलावर पसरला. सगळे प्राध्यापक भोवती उभे, मूर्तीसुद्धा.

"ही चामुंडी वर कशी?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"त्यांच्याकडे दक्षिण वर असते," सर म्हणाले.

"त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

सरांनी भोवती बघितलं. हा प्रश्न मूर्ख आहे, असं कुणीतरी म्हणेल अशी त्यांना आशा असावी. सगळे नकाशाकडे बघत राहिले. दोन ट्रंका पुस्तकं, पेकिंगच्या गुरुजींची पत्रं, अप्पांची पाच कापडं, सगळं जीपमध्ये गेलं. सर शेवटी चढले. मूर्तीने त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली, नेहमीसारखी, आणि जीप गेल्यावर ती कोपऱ्यात उभी करून ठेवली.

अकरा दिवसांनी त्यांना सोडलं. घरी आले तर त्यांना त्यांचं दार सापडेना. ताराक्कांनी मधल्या दिवसांत गवंडी बोलावून दक्षिणेचं दार विटांनी बंद करून घेतलं होतं आणि परसात पूर्वेला नवं पाडलं होतं. ओला चुना अजून गळत होता. सर बराच वेळ त्या भिंतीपुढे उभे होते म्हणे, आणि मग बोळातून वळसा घालून आत गेले. ताराक्का पुढे बारा-तेरा वर्षं जगल्या; त्यांनी मूर्तीचं नाव कधी घेतलं नाही, पोलिसांचं घेतलं नाही. "त्या दारानं केलं सगळं," एवढंच म्हणायच्या. दाराला दोष देणं बरं असतं. दार उलटून बोलत नाही.

तीन वर्षं सर निलंबित होते. मग काही आढळलं नाही असं पत्र आलं आणि त्यांना परत घेतलं. ट्रंकाही परत आल्या. ओलीत ठेवल्यामुळे आत वाळवीची माती होती, पुस्तकांच्या आकाराची. कापडांचं काय झालं कळलं नाही. चीन हा विषय त्यांना पुन्हा दिला नाही. पहिल्या वर्षाचा सामान्य इतिहास आणि परीक्षेच्या हॉलमधली बाकांची मांडणी, ही दोन कामं. मूर्ती दरम्यान डॉक्टर झाला होता, पुढे विभागप्रमुख झाला.

सर मात्र लिहायला लागले. आठवणीतून, चार दिशांवर आणि मध्यावर एक ग्रंथ, इंग्रजीत. प्रकरण झालं की मला आणून द्यायचे. मी जेवणाच्या सुटीत टाइप करायची. मला वाटायचं, मी माझं पाप फेडते आहे, त्यांना न कळता. एकदा पांढऱ्या वाघाचं प्रकरण माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "ह्याच्यात कोपऱ्यात तुझी आद्याक्षरं घालू नकोस हं."

मी यंत्रात घातलेला कागद परत काढला.

"स्टेशनात दाखवलं होतं त्यांनी मला ते पत्र," ते म्हणाले. "टायपिंग स्वच्छ होतं." आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात काळ्या कासवाचं प्रकरण आणून दिलं. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

ऐंशीनंतर दोन्ही देशांत पुन्हा येणं-जाणं सुरू झालं आणि चिनी प्राध्यापकांचं एक पथक आमच्या कॉलेजात यायचं ठरलं. सगळीकडे धावपळ. दुभाषी दिल्लीहून येणार होता. सरांना मूर्तींनी बोलावून सांगितलं, "सर, खुर्च्यांचं तेवढं तुम्ही बघा. तुम्हाला सवय आहे." हे खरंच होतं.

सर सकाळी लवकर येऊन एकटेच हॉलमध्ये खुर्च्या सरकवत होते. मी फुलदाण्या मांडायला गेले तर माझ्याकडे बघून हसले. त्यांचं असं हसू मी फार वर्षांनी बघत होते. पाहुण्यांच्या प्रमुखाची उंच पाठीची खुर्ची उत्तरेच्या भिंतीला, तोंड दक्षिणेकडे. आणि तिच्या बरोबर समोर, एकटी, विभागप्रमुखांची. तोंड उत्तरेकडे.

पाहुणे आले. त्यांचे प्रमुख पिकल्या केसांचे, काठी टेकत चालणारे. ते आपल्या खुर्चीपाशी आले, थबकले, समोर बघितलं. समोर डॉ. मूर्ती हात जोडून, मान लववून, उत्तरेकडे तोंड करून उभे. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते त्या खुर्चीत बसले नाहीत. काठी टेकत पश्चिमेच्या बाजूला गेले. पाहुण्याची जागा ती. आणि मूर्तींना पूर्वेच्या बाजूला यजमानाच्या जागी बसायची खूण केली. मग दुभाष्याला काही विचारलं.

"या खुर्च्या कोणी मांडल्या, असं विचारतायत," दुभाषी म्हणाला.

सर मागच्या दाराशी उभे होते. एक पाऊल पुढे आले.

"मीच," डॉ. मूर्ती म्हणाले. "मी स्वतः लक्ष घातलं."

"ते म्हणतायत, इतकी जुनी रीत जाणणारा माणूस त्यांना त्यांच्या देशातही हल्ली भेटत नाही."

टाळ्या झाल्या. आपला अपमान झाला होता हे मूर्तींना कधीच कळलं नाही, आणि तो करणाऱ्याला तो परतही घेता आला नाही. वर्ष व्हायच्या आत चीनला येऊन व्याख्यान द्यायचं आमंत्रण आलं. डॉ. मूर्तींच्या नावाने.

त्यानंतर सरांनी जे केलं ते मला आजही पटत नाही. मूर्ती घरी येऊन म्हणाले, "सर, पंचरंगी मातीच्या वेदीवरचं तुमचं काही असलं तर द्या ना," आणि सरांनी मी टाइप केलेलं पूर्ण प्रकरण उचलून दिलं.

मी भांडले. "सर, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"मला आता कोण जाऊ देणार आहे तिकडे? मी नाही तर माझं वाक्य तरी जाऊ दे."

त्यांनी बदल्यात एकच मागितलं. पेकिंगला त्यांचे गुरुजी होते. बासष्टनंतर त्यांची खबर नव्हती. जिवंत असले तर शोधून हातात द्यायचं म्हणून एक पाकीट दिलं. मूर्ती परत आल्यावर सर दोनदा त्यांच्या केबिनबाहेर बसून राहिले. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "बीजिंग फार मोठं झालंय सर. कुणी भेटलं नाही."

चार महिन्यांनी कॉलेजच्या टपालात चीनचं पत्र आलं. वर इंग्रजीत लिहिलेलं, श्रीमती जगदाळे यांस. ताराक्कांना जाऊन तोवर सहा-सात वर्षं झाली होती. मी ते घेऊन अग्रहारात सरांकडे गेले. त्यांनी परसदारातच ते फोडलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागले. मग मला मराठीत सांगायला लागले, वर्गात सांगत तसे, थांबून थांबून.

"गुरुजींचं आहे. म्हणतात, तुमच्या यजमानांच्या निधनाची बातमी त्यांचे स्नेही डॉ. मूर्ती यांच्याकडून कळली. मी व्याख्यानाला पहिल्या रांगेत होतो. शब्द कानावर पडताच ओळखले. असा विचार करणारा एकच विद्यार्थी माझ्याकडे येऊन गेला. धन्य तो मित्र, ज्याने मृताचं काम इतक्या दूर आणून पोचवलं. बाई, तुम्ही दुःख आवरा." सरांनी घडी घातली. "अक्षर थरथरलंय त्यांचं. नव्वदीला आले असतील."

दुसऱ्या दिवशी ते मूर्तींच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं, मी बाहेर माझ्या टेबलाशी. मूर्तींनी पत्राकडे बघितलं. चिनी त्यांना येत नव्हतं, पण मजकूर कळला असावा.

"सर, तुम्ही समजून घ्या," ते म्हणाले. "म्हातारबुवा एकसारखे विचारत होते, तो का आला नाही, तो कुठे आहे. सगळ्यांसमोर. मी काय सांगणार होतो? सुचलं ते बोललो."

"कशानं गेलो मी?"

"काय?"

"मी मेलो कशानं, ते सांगितलंस का?"

मूर्तींनी पत्र परत सरांकडे सरकवलं. "हार्ट," ते म्हणाले.

"बरं झालं," सर म्हणाले. "म्हणजे फार दिवस पडून नव्हतो." आणि बाहेर आले.

पुढच्या वर्षी डॉ. मूर्तींचा ग्रंथ निघाला. पंचरंगी वेदीचं प्रकरण त्यात होतंच, पण माझ्या कपाटातल्या कार्बन प्रती नेऊन आणखी तीन प्रकरणं घेतली होती. प्रस्तावनेत अनेकांचे आभार होते. शेवटच्या ओळीत, निर्दोष टंकलेखनासाठी, माझेही. माझं नाव छापून आलं. सरांचं आलं नाही.

ते पुस्तक मीच सरांना नेऊन दाखवलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी पेन्सिल घेऊन ते तीन दिवसांत वाचलं. त्यांचा संताप झाला तो भलत्याच गोष्टीवर. छापणाऱ्याने आकृत्या उलट्या आहेत असं समजून दक्षिणेची बाजू खाली फिरवली होती, पण चित्रांची नावं होती तिथेच ठेवली होती. सरांच्या आकृत्या, आणि पूर्वेला पांढरा वाघ. उत्तरेला तांबडा पक्षी. "अगं, निदान चोरलं ते सरळ तरी धरायचं!" ते ओरडले. मी त्यांना ओरडताना तेवढंच एकदा ऐकलं. मग त्यांनी दोन पानांचं शुद्धिपत्र तयार केलं आणि मला टाइप करून मूर्तींना पाठवायला सांगितलं. मी नाही केलं. माझी ती एकच अवज्ञा, आणि तीही वीस-बावीस वर्षं उशिरा.

गुरुजींना उत्तर लिहायचं की नाही, याच्यावर ते कितीतरी महिने अडून होते. "मी जिवंत आहे असं लिहिलं तर मूर्ती खोटा ठरतो," म्हणायचे, "आणि त्याला चांगला मित्र म्हणून गुरुजींनी आशीर्वाद दिलाय. त्यांचा आशीर्वाद खोटा पाडू?" मी म्हटलं, "सर, ते मरायच्या आधी त्यांना कळू दे की." शेवटी त्यांनी लिहिलं. एक पान लिहायला त्यांना पंधरा दिवस लागले. स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले.

तोवर त्यांनी नोकरी संपवून अग्रहारातलं घर सोडलं होतं. पुतण्याने बोगादीला नवीन घर बांधलं होतं, तिथे ते राहायला गेले. पत्रावर पत्ता मात्र कॉलेजचाच घातला होता. पुतण्याच्या घरी चीनचं पत्र यायला नको म्हणून. त्यामुळे उत्तर माझ्याच हातात पडलं. मी ऑटोने बोगादीला गेले. सर बाहेरच्या पायरीवर बसले होते. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

"त्यांच्या मुलीचं आहे," मग म्हणाले. "गुरुजी माझं पत्र पोचायच्या नऊ दिवस आधी गेले."

ते पुढे वाचायला लागले.

"लिहिते, तुमच्या देशातून आलेल्या पत्रांपायी माझ्या वडिलांना आठ वर्षं शाळेचे संडास झाडावे लागले. त्यांचा तिथला विद्यार्थी वारला असं त्यांनी आम्हाला सांगितलं आहे. आपण कोण आहात, त्याच्या नावाने का लिहिता, ठाऊक नाही. कृपा करून पुन्हा लिहू नका." त्यांनी पान उलटलं. "खाली एक ओळ आहे. वडील त्या विद्यार्थ्यासाठी तीन दिवस जेवले नव्हते."

ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जवळजवळ लाज होती, एखाद्याला न मागता काही मिळावं तशी.

"तीन दिवस, सुशीला," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

आतून पुतण्याची बायको आली. "काका, ताट वाढलंय, येताय ना?"

"मला तीन दिवस वाढू नकोस गं," सर म्हणाले. "आमचे गुरुजी गेलेत."

"कधी?"

"झाले काही महिने."

तिने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "मग आधी सांगायचं नाही का? भात टाकून झाला की," म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला.

मी निघाले. फाटक लावताना वळून बघितलं तर ते पायरीवर ताठ बसले होते, कोटाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावत. वरचं बटण काही केल्या लागत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा लावत होते.